वाली नसलेले शोध

२०२२ सालच्या सप्टेंबरात पॅरिस येथे युरोपातील कर्करोगतज्ज्ञांची जी वार्षिक परिषद भरली, तीत परळच्या टाटा स्मारक केंद्राचे तत्कालीन संचालक आणि शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका औषधाची हकिगत सादर केली. हे औषध दाढ उपटण्यापूर्वी दंतवैद्य हिरडीत टोचतो, विळा लागलेल्या बोटाला टाके घालण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर वापरतो. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात ते स्वीडनमध्ये प्रथम तयार झाले आणि आज त्यावर जगातल्या कोणत्याही कंपनीचा मक्ता उरलेला नाही. त्याचे नाव लिडोकेन. अशा सभांमधून एकेका मात्रेला लाख-दोन लाख पडणाऱ्या औषधांचाच बोलबाला असावयाचा. तेथे रुग्णामागे शंभर रुपयांच्या आत भागणारा हा उपाय कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान वाढवतो, असे कोणी सांगावे आणि त्यासोबत दहा वर्षांच्या नोंदींचे दप्तरही पुढे ठेवावे, हा प्रसंग विरळाच म्हटला पाहिजे.

उपायाची कृती सांगावयास दोन वाक्ये पुरतात. स्तनातली गाठ काढण्यासाठी रुग्ण स्त्रीस पूर्ण भूल दिल्यावर, म्हणजे वेदनाशमनाचे काही प्रयोजनच उरलेले नसताना, शल्यविशारद अर्धा टक्का लिडोकेनचे द्रावण गाठीच्या वर, खाली आणि चहूबाजूंस, असे सहाही अंगांनी टोचतो. मग सुरी हाती न घेता सात ते दहा मिनिटे घड्याळाकडे पाहत स्वस्थ राहतो आणि त्यानंतर नेहमीप्रमाणे शस्त्रक्रियेस आरंभ करतो. देशातील ११ रुग्णालयांत २०११ च्या अखेरीपासून २०२२ च्या आरंभापर्यंत १,६०० स्त्रियांवर ही चाचणी झाली. कोणास सुई टोचावयाची आणि कोणास नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्या त्या निःपक्षपाताने ठरले. पाच वर्षांनी पाहता सुई टोचलेल्यांपैकी शेकडा ९०.१ स्त्रिया हयात होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४, रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६.६ आणि ८२.६ भरले. चार टक्क्यांचा हा फरक ऐकावयास किरकोळ वाटेल. परंतु ज्या औषधांच्या जाहिराती वैद्यकीय नियतकालिकांची पाने व्यापून बसतात, त्यांतील कित्येकांच्या पदरी एवढाही फरक नसतो.

हे का घडावे, याचा उलगडा अंशतः तर्कानेच करावा लागतो. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते, दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटू लागतो, आणि त्या घालमेलीत काही पेशी आपले ठाणे सोडून रक्तप्रवाहात शिरतात, अशी शंका शल्यविशारदांना पुष्कळ वर्षांपासून होतीच. मज्जातंतूंच्या पेशींप्रमाणेच कर्कपेशींच्या आवरणांतही सोडियमच्या कणांना आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात, त्या द्वारांचा पेशींच्या स्थलांतराशी संबंध असावा असे प्रयोगशाळेतील पुरावे सांगतात, आणि लिडोकेनचे सारे कर्तृत्व ही द्वारे बंद करण्यातच सामावलेले आहे. तेव्हा सुरी लागण्यापूर्वी गाठीभोवतीची सर्व दारे लावून घेतली तर पळणाऱ्या पेशींची वाट अडेल, हा बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज होता.

या चाचणीवर आक्षेप निघाले आणि ते सर्वस्वी गैरवाजवी होते असेही म्हणता येणार नाही. दुसऱ्या गटास नुसत्या पाण्याची सुई टोचलेली नव्हती, त्यामुळे परिणाम लिडोकेनचा की टोचण्याचा, हे निर्विवादपणे सांगता येत नाही. शिवाय एका देशातील एका चाचणीवरून जगाची शल्यपद्धती बदलावी काय, हा प्रश्न उरतोच. शास्त्राच्या रीतीने याला एकच उत्तर आहे, ते म्हणजे अन्यत्र पुनःप्रयोग. आणि येथेच या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. नवे औषध बाजारात आणू पाहणारी कंपनी दहा देशांत चाचण्यांचा खर्च आनंदाने सोसते, कारण तो पुढे शतपटीने वसूल होतो. ज्याचा मक्ता संपून पिढ्या लोटल्या त्या लिडोकेनसाठी हा खर्च कोणी सोसावा? परळच्या चाचणीला पैसा पुरवला तो भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाने. टाटा स्मारक १९६२ पासून या खात्याच्या अमलाखाली आहे. अणुभट्ट्यांचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या तिजोरीतून दंतवैद्याच्या सुईचे संशोधन व्हावे, ही सरकारी खातेवाटपाची एक गमतीदार, पण रुग्णांच्या दृष्टीने मोठी भाग्याची गोष्ट होय.

अशा वाली नसलेल्या शोधांची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. सोडियमच्या ज्या द्वारांचा वर उल्लेख केला, त्यांच्याशीच निगडित असलेली दुसरी हकिगत परळपासून दीडएकशे किलोमीटरांवर, सावित्रीच्या काठी महाडास घडली. कोकणातला लाल विंचू चावला की वेदनेने माणूस कळवळतो, हे सर्वांस ठाऊक होते. परंतु चावलेल्यांतील काहींच्या अंगाला घामाच्या धारा लागतात, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, आणि काही तासांत धाप लागून तोंडाशी गुलाबी फेस येतो व माणूस हातचा जातो, याची शास्त्रीय संगती त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत नीट लावलेली नव्हती. १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमणूक होऊन आलेले, मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले आणि त्यांचा तपशील टिपला. 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकाकडे एका आडगावच्या सरकारी डॉक्टराने निबंध धाडावा, हे धारिष्टही केले.

विंचवाचे विष सोडियमची तीच द्वारे मिटू देत नाही. मज्जातंतू अखंड चेतवले जातात, अ‍ॅड्रिनलिनच्या कुळातील द्रव्यांचा शरीरात लोट उसळतो, रक्तवाहिन्या आवळतात, त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. मांत्रिकाकडून विंचू उतरवून घेण्यात जो वेळ जाई तो गेलाच; पण दवाखान्यातही अ‍ॅट्रोपीन, स्टिरॉइड असे जे उपचार होत, त्यांतील काही निरुपयोगी आणि काही घातकच होते. बावस्करांनी आधी शिरेतून थेंब थेंब द्यावयाचे, रक्तवाहिन्या सैलावणारे नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. मात्र त्यासाठी डॉक्टराने खाटेजवळून हलता कामा नये, आणि हे ग्रामीण दवाखान्यात किती काळ परवडावे? मग रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी योजली. तिच्यावरचा निबंध १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्या रोगात शेकडा पंचवीस-तीस माणसे दगावत, त्यात मृत्यूचे प्रमाण अगदी थोडक्यावर आले. २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने महाडच्या ७० रुग्णांवर केलेली चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली: नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत पूर्ण बरे झालेले ३५ पैकी ८, आणि प्राझोसिनच्या जोडीला परळच्या हाफकिनने तयार केलेली विंचवाची प्रतिलस दिलेले ३५ पैकी ३२. गोळी उपलब्ध होती, रोग पुरातन होता. उणीव होती ती दोहोंची गाठ घालून देणाऱ्याची. विंचू ज्यांना चावतो ते भाताचा पेंढा उचलणारे अनवाणी शेतकरी असल्यामुळे त्यांच्याकरिता औषध शोधण्यात कोणा कारखानदाराचे हित नव्हते. एकाच सूक्ष्म द्वाराला विष उघडे ठेवते आणि बधिर करणारी सुई बंद करते, या योगायोगाचा अधिक अर्थ काढण्याचा प्रस्तुत लेखकास अधिकार नाही. तरी तो नजरेआड करवत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. हा रोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घ संसर्गातून वर्षानुवर्षे हळूहळू घडत येतो, आणि म्हणूनच तो आधी गाठता येतो. पाश्चात्त्य देशांत हे काम अनेक वर्षे पेशींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून होत आले. त्याला प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ लागतो, आणि निष्कर्ष कळवण्यासाठी रुग्णाचा कायमचा पत्ता लागतो. मुंबईच्या झोपडपट्टीत या तिन्ही वस्तू दुर्मिळ. म्हणून टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून निराळा प्रयोग मांडला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन वस्त्यांतच तपासणीची केंद्रे थाटली. तपासणी अशी: गर्भाशयाच्या मुखावर सिरक्यातल्या आम्लाचे सौम्य द्रावण कापसाच्या बोळ्याने लावावयाचे, मिनिटभर थांबावयाचे, आणि प्रखर उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचे. बिघडू लागलेल्या पेशींत प्रथिने अधिक असतात. आम्लाने ती गोठतात आणि तेवढा भाग पांढुरका दिसू लागतो. दिसला तर बाईला त्याच दिवशी पुढच्या तपासणीसाठी सांगता येते. पत्र, पत्ता, हेलपाटे यांतले काहीच लागत नाही.

सुमारे दीड लाख स्त्रिया, दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या, आणि बारा वर्षांची पाहणी. २०१३ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा की तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. देशभर ही पद्धत अमलात आली तर वर्षाला सुमारे २२,००० मृत्यू टळतील, असा संशोधकांनी हिशेब मांडला. याच स्त्रियांच्या स्तनांचीही तपासणी हातांनी केली जात होती. तिचा निकाल २०२१ मध्ये आला, आणि पन्नाशी उलटलेल्यांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले, त्याखालच्या वयात मात्र तसा लाभ दिसला नाही.

आता या चित्राची दुसरी बाजू. त्या दीड लाखांपैकी तुलनेसाठी घेतलेल्या पाऊण लाख स्त्रियांना आरोग्यविषयक माहिती दिली गेली, परंतु तपासणी दिली गेली नाही. आणि त्यांतल्या काही स्त्रिया जो रोग वेळीच ओळखता आला असता त्याने मेल्या. यावर परदेशातील काही डॉक्टरांनी नैतिक आक्षेप घेतले, तक्रारी गुदरल्या. संशोधकांचे उत्तर असे की देशात त्या वर्गातील स्त्रियांना कोठेही तपासणी मिळतच नव्हती. तेव्हा तुलना प्रत्यक्ष परिस्थितीशीच केली. हे उत्तर तर्काला पटते, मनाला पुरते पटत नाही. ज्या समाजात काहीच न मिळणे हीच प्रमाण स्थिती मानली जाते, त्या समाजात संशोधकाच्या माथी मारलेला हा दोष पुष्कळसा त्या समाजाचाच असतो, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

दुसरे असे, की सिरक्याची युक्ती सर्वत्र सारखी फळली नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर जी चाचणी झाली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत गावांचे ५२ गट चार वाटांनी विभागले होते: एका वाट्याला विषाणूची प्रयोगशाळेतील चाचणी, दुसऱ्याला पेशींची, तिसऱ्याला सिरका, चौथ्याला काहीच नाही. आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाचे ३४ मृत्यू झाले, काहीच न मिळालेल्या गटात ६४. सिरक्याच्या गटात मात्र भरवसा ठेवावा असा फरक आढळला नाही. मुंबईत चार फेऱ्या, येथे एकच. मुंबईत वस्ती दाटीची, येथे पांगलेली. कारणे अनेक देता येतील. स्वस्त ते चांगलेच असते, या भाबड्या समजुतीला मराठवाड्याच्या या नोंदींनी छेद दिला, आणि महाग चाचणी एकदाच केली तर ती अखेर स्वस्त पडू शकते, हा उलटा हिशेबही शिकवला.

याच रोगाच्या लशीसंबंधी जो शोध लागला, तो तर कोणी योजलेलाच नव्हता. २००९ मध्ये फ्रान्समधील लिआँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने भारतात नऊ ठिकाणी, त्यांत पुणे आणि बार्शीही होती, १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींना लशीच्या दोन मात्रा पुरतात की तीनच लागतात, हे पाहण्यास आरंभ केला. इतक्यात आंध्र प्रदेश आणि गुजरात येथे चाललेल्या एका अगदी वेगळ्या लसीकरण प्रकल्पातील काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला. चौकशीअंती मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. परंतु पालकांची संमती घेण्याच्या रीतीवर संसदेच्या समितीने पुढे कडक ताशेरे ओढले आणि ते रास्त होते. तोवर एप्रिल २०१० मध्ये सरकारी हुकूम सुटला होता की या लशीच्या सर्वच चाचण्यांतील टोचणी तहकूब करावी. वीस हजार मुलींचे नियोजन १७,७२९ वर थांबले. आणि ज्यांची दुसरी मात्रा राहून गेली अशा सुमारे पाच हजार मुली एकाच मात्रेवर राहिल्या.

संशोधकांनी दप्तर गुंडाळले नाही, ही त्यांची खरी थोरवी. प्रयोग मोडला, नियोजित प्रश्नाचे उत्तर मिळण्याची आशा संपली, तरी त्यांनी या मुलींचा माग वर्षानुवर्षे ठेवला: मुली मोठ्या झाल्या, लग्ने होऊन सासरी गेल्या, काहींना मुले झाली, आणि त्या त्या ठिकाणी जाऊन नमुने गोळा करण्यात आले. २०२१ मध्ये डॉ. पार्थ बसू आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांचा हिशेब छापला. विषाणूच्या ज्या दोन जाती सर्वाधिक घातक, त्यांच्या चिवट संसर्गापासून तीन मात्रांनी ९३.३ टक्के, दोन मात्रांनी ९३.१ टक्के, आणि त्या अर्धवट राहिलेल्या एका मात्रेने ९५.४ टक्के संरक्षण दिले होते. म्हणजे व्यवहारात तिन्ही सारखेच. केनियातील चाचणीनेही एका मात्रेचा निर्वाळा दिला, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा चालेल असे मान्य केले. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड २०२३ पासून एका मात्रेवर आले. तीन मात्रा विकणाऱ्याने एक मात्रा पुरते काय हे तपासण्यासाठी आपण होऊन पैसा ओतला असता, असे मानण्याइतका प्रस्तुत लेखक भोळा नाही. त्यासाठी दिल्लीच्या एका फर्मानाची चूकभूल घडावी लागली.

मात्रा कमी करून पाहण्याचे काम परळास हेतुपुरस्सरही झाले आहे. तंबाखू, मशेरी, गुटखा यांच्या पायी आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे जे पीक आले आहे, त्यात रोग बळावल्यावर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करणारे निव्होलुमॅब हे औषध गुणकारी ठरते. मात्र त्याची मान्य मात्रा घेऊ शकणारे रुग्ण येथे बोटांवर मोजण्याइतके. टाटा रुग्णालयाच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आदींनी १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. सर्वांना तोंडाने घ्यावयाची तीन जुनी औषधे दिली, आणि निम्म्यांना त्यांखेरीज दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. मान्य मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅमची. वर्षअखेर नुसत्या गोळ्यांवरचे शेकडा १६ रुग्ण हयात होते, अल्प मात्रा मिळालेल्यांतले ४३. मूळ मात्रा एवढी मोठी का ठरली, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो. औषधाच्या आरंभीच्या चाचण्यांत रुग्णाला किती सोसेल हे पाहिले जाते. किती पुरेल हे विचारण्याची निकड ज्याला बिल भरावयाचे असते त्यालाच वाटते. आणि ज्यांनी परळच्या पदपथांवर ताडपत्रीखाली स्टोव्ह मांडून, औषधांच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपत बसलेली परगावची कुटुंबे पाहिली आहेत, त्यांना ही निकड समजावून सांगावी लागत नाही.

या साऱ्या मालिकेत एकच शोध असा आहे की ज्याला वाली आहे. रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, त्यांत विषाणूच्या वाहनाने एक नवे जनुक घालून, त्या कर्कपेशी ओळखू लागतील अशा शिकवून, संख्येने वाढवून, पुन्हा रुग्णाच्या शिरेत सोडण्याची विद्या अमेरिकेत २०१२ च्या सुमारास मुलांवर यशस्वी झाली. तेथे तिचा खर्च औषधापुरताच आपल्या तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जातो. पवईच्या आयआयटीतील डॉ. राहुल पुरवार यांनी ही पेशी येथेच घडवावयाचे मनावर घेतले, टाटा रुग्णालयाच्या डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांनी रुग्णशय्येची बाजू उचलली, आणि जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णास ती दिली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी परवाना मिळाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शेकडा सुमारे ७३ रुग्णांत रोगाने माघार घेतली. हे कार्य देशाला भूषणावह आहे, यात संशय नाही. त्यासाठी कंपनी काढावी लागली, भांडवल उभारावे लागले, आणि त्याचमुळे पवईची पेशी बाजारात पोचली, हेही खरे. तथापि तिची किंमत तीस ते पन्नास लाखांच्या दरम्यान सांगितली जाते, आणि राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची एका कुटुंबाची वार्षिक मर्यादा २०२३ च्या निर्णयाने दीड लाखावरून वाढवून पाच लाख केलेली आहे. उरलेले किमान पंचवीस लाख कोठून यावयाचे, हे पवईच्या प्रयोगशाळेला विचारून उपयोग नाही. तो कागद मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर जावयास हवा.